एक्स्टेन्शन बोर्ड गरम का होतो? दोन आकडे आणि थोडा गुणाकार-भागाकार

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं त्यांच्यासाठी या एपिसोडचा पूर्ण मजकूर. आज आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकून झाल्यावर एकदा नजर टाकलीत तरी चालेल.)

 

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. मेसेज जसाच्या तसा वाचते. "ताई, आम्ही तिघं जण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. रूममध्ये भिंतीवर एकच पॉइंट आहे, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड लावलाय. सकाळी घाईत त्याच्यावर केटल, इस्त्री आणि लॅपटॉप एकदमच चालू असतात. बोर्ड हाताला गरम लागतो. पण एमसीबी आजपर्यंत एकदाही पडला नाही. मग टेन्शन घ्यायचं की नाही?"

प्रश्न भारी आहे. विशेषतः त्यातलं ते 'पण एमसीबी पडला नाही' हे वाक्य. आपल्यातले बरेच जण याच वाक्याच्या भरवशावर झोपतात. म्हणून आज मी हो किंवा नाही असं उत्तर देऊन मोकळी होणार नाही. हिशोब करू. मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमावाली आहे, पण यासाठी डिप्लोमा लागत नाही. आठवीचा गुणाकार-भागाकार येत असला की झालं. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

आधी चार शब्द, पटकन

शाळेच्या पुस्तकात यांना विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि शक्ती म्हणतात. आपण बोलताना व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि पॉवर म्हणतो. मी दोन्ही शब्द वापरेन.

व्होल्टेज म्हणजे विजेला ढकलणारा जोर. तो व्होल्टमध्ये मोजतात. करंट म्हणजे तारेतून प्रत्यक्ष किती वीज वाहतेय ते, अँपिअरमध्ये. रोध म्हणजे त्या वाहण्याला होणारा अडथळा, ओहममध्ये. आणि पॉवर म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होतेय ते, वॅटमध्ये.

आता गंमत अशी की या चारांपैकी पहिले दोन माहीत असले की उरलेले दोन आपोआप मिळतात.

व्होल्टेज भागिले करंट, म्हणजे रोध.
व्होल्टेज गुणिले करंट, म्हणजे पॉवर.

बस. त्याच दोन आकड्यांचा एकदा भागाकार आणि एकदा गुणाकार. आजचा सगळा एपिसोड या दोन ओळींवर चालणार आहे.

हातातल्या चार्जरपासून सुरुवात करू. त्याच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, ते मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. 'आउटपुट' या शब्दापुढे अनेक चार्जरवर असं दिसेल: ५ व्होल्ट, ३ अँपिअर, आणि त्याच्यापुढे ९ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा. ५ गुणिले ३, म्हणजे १५ वॅट. ९ गुणिले २, म्हणजे १८ वॅट. दुकानदार '१८ वॅटचा फास्ट चार्जर' म्हणतो तो हाच गुणाकार.

केटल आणि इस्त्री

आता भिंतीकडे वळू. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. बाजारात प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, काही स्मार्ट प्लगही हेच काम करतात. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये घालायचा आणि त्याच्यात आपली वस्तू लावायची. स्क्रीनवर व्होल्टेज आणि करंट दिसतात.

समजा केटल लावली आणि आकडे आले २३० व्होल्ट, ६.५ अँपिअर. भागाकार करा: २३० भागिले ६.५, म्हणजे सुमारे ३५ ओहम. हा केटलच्या तळातल्या कॉइलचा रोध. गुणाकार करा: २३० गुणिले ६.५, म्हणजे १४९५ वॅट. केटलच्या बुडाला छापलेलं असतं १५०० वॅट. जुळलं!

उलटंही करता येतं. इस्त्रीवर १००० वॅट लिहिलंय. १००० भागिले २३०, म्हणजे ४.३५ अँपिअर करंट. आणि २३० भागिले ४.३५, म्हणजे साधारण ५३ ओहम रोध.

इथे जरा थांबा. १५०० वॅटच्या केटलचा रोध ३५ ओहम आणि १००० वॅटच्या इस्त्रीचा ५३. म्हणजे जी वस्तू जास्त तापवते तिचा रोध कमी! बहुतेकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं, की जास्त अडथळा म्हणजे जास्त उष्णता. पण भिंतीतला जोर २३० वर ठरलेला आहे. अडथळा कमी केला की करंट जास्त वाहतो आणि गुणाकार मोठा होतो.

आता हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या पाच मिनिटांत मी याच्या बरोबर विरुद्ध बोलणार आहे, आणि दोन्ही खरं असणार आहे.

बोर्डाच्या दोन टोकांना दोन मीटर

मेसेज वाचल्यावर मला राहवेना. माझ्या एका इलेक्ट्रिशियन मित्राकडे जुना, वापरून वापरून सॉकेट ढिली झालेला एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. पाच मीटर वायर, बोर्डावर '६ अँपिअर' छापलेलं. आम्ही एक वॅटमीटर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, त्याच्यात एक्स्टेन्शनचा प्लग घातला. दुसरा वॅटमीटर बोर्डाच्या सॉकेटमध्ये लावला आणि त्याच्यात १५०० वॅटची केटल. म्हणजे वीज एक्स्टेन्शनमध्ये शिरताना किती जोरात आहे आणि बाहेर पडताना किती उरते, हे दोन्हीकडे दिसणार.

केटल चालू केली. भिंतीकडचा मीटर म्हणाला २२८ व्होल्ट. केटलकडचा म्हणाला २२२. करंट दोन्हीकडे एकच, ६.३ अँपिअर.

मधले ६ व्होल्ट गेले कुठे?

ते गेले एक्स्टेन्शनमध्ये. आता आपल्याकडे पुन्हा दोन आकडे आले: ६ व्होल्ट आणि ६.३ अँपिअर. आपल्या त्याच दोन ओळी लावा. भागाकार: ६ भागिले ६.३, म्हणजे ०.९५ ओहम. हा एक्स्टेन्शनचा रोध, एक ओहमलाही किंचित कमी. गुणाकार: ६ गुणिले ६.३, म्हणजे जवळपास ३८ वॅट. ३८ वॅट उष्णता केटलमधल्या पाण्यात न जाता एक्स्टेन्शनमध्ये जिरत होती.

यातली वायरमध्ये किती आणि बोर्डात किती? तेही काढता येतं. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध एका मीटरला साधारण ०.०१७ ओहम असतो. आमच्या बोर्डाची वायर अर्धा चौरस मिलिमीटर होती, म्हणून रोध दुप्पट, मीटरमागे ०.०३४. करंट जातो एका तारेतून आणि परत येतो दुसऱ्या तारेतून, म्हणून पाच मीटर वायर म्हणजे प्रत्यक्षात दहा मीटर तांबं. एकूण ०.३४ ओहम. त्यात करंट ६.३ अँपिअर, म्हणून जवळपास १४ वॅट. हे १४ वॅट पाच मीटर लांबीवर पसरलेले आहेत, वायर जरा कोमट लागते, एवढंच.

३८ मधून १४ गेले, उरले २४ वॅट. आणि हे २४ वॅट कुठे? जिथे जिथे धातू धातूला टेकतो त्या जागी. बोर्डाच्या आत स्क्रूखाली दाबलेली तार, स्विचचा आतला काँटॅक्ट, आणि मुख्य म्हणजे सॉकेटमधली ती पितळी पट्टी, जिने प्लगची पिन घट्ट पकडायला हवी आणि जी आता ढिली पडली आहे.

२४ वॅट ऐकायला काहीच वाटत नाही. पण मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न बघितलंय ना? त्याच्या टोकावर शिसं-कथिल क्षणात वितळतं. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

म्हणजे तुमच्या बोर्डाच्या प्लास्टिकच्या पोटात, हरभऱ्याएवढ्या दोन-चार जागांत मिळून, एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे. आणि तुम्ही चहाच्या पाण्याला उकळी यायची वाट बघताय.

दोन्ही कसं खरं?

आता ती विरुद्ध गोष्ट. मघाशी मी म्हणाले, रोध कमी तर उष्णता जास्त. आणि इथे ढिल्या सॉकेटचा रोध वाढला म्हणून उष्णता वाढली. मग खरं काय?

फरक असा: केटलला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, म्हणून तिथे व्होल्टेज ठरलेलं आहे. ढिल्या सॉकेटला २३० व्होल्ट मिळत नाहीत. तो केटलच्या रांगेत उभा आहे. केटलकडे जाणारा सगळा करंट आधी त्याच्यातून जातो. करंट किती वाहायचा हे केटलचे ३५ ओहम ठरवतात, सॉकेटच्या अर्ध्या ओहमला तिथे कोण विचारतो! म्हणजे सॉकेटसाठी करंट ठरलेला आहे. आणि करंट ठरलेला असेल, तर जिथे रोध जास्त तिथे उष्णता जास्त.

हे एका ओळीत मांडता येतं. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. हे पॉवरच्या सूत्रात घातलं की मिळतं: पॉवर म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले रोध. करंटचा वर्ग आला. हाच वर्ग सगळा घोळ घालतो. करंट दुप्पट झाला तर त्या ढिल्या जागेची उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. करंट तिप्पट तर उष्णता नऊपट.

आणि हे तिथेच थांबत नाही. तापल्यामुळे पितळेवर काळा थर चढतो, पट्टीची स्प्रिंग आणखी ढिली पडते, स्क्रूखालची तार सैल होते. रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. हे चक्र महिनोन्‌महिने गुपचूप चालतं. आधी सॉकेटभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळट, मग तपकिरी होतं. मग जळकट वास येतो. त्यानंतरची पायरी सांगायला नको.

मग एमसीबी काय करत होता?

एमसीबी त्याचं काम चोख करत होता. त्याचं काम काय? करंट मर्यादेबाहेर गेला की तोडणे. पण ढिल्या सॉकेटमुळे करंट वाढत नाही. उलट रोध वाढल्यामुळे तो नखभर कमीच होतो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल!

दुसरी गोष्ट. भिंतीतल्या त्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर तो भिंतीतल्या वायरला जपण्यासाठी आहे. तुमच्या बोर्डावर ६ अँपिअर लिहिलंय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. ६ अँपिअरच्या बोर्डातून १० अँपिअर गेले तरी तो शांतपणे बसून राहतो.

म्हणून 'एमसीबी पडला नाही' याचा अर्थ 'बोर्ड सुरक्षित आहे' असा होत नाही. त्या बोर्डाचा पहारेकरी तुम्हीच, आणि तुमचं हत्यार म्हणजे तो गुणाकार.

हे सूत्र आलं कुठून?

दोन मिनिटं इतिहास. गेओर्ग ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेन गावात १७८९ साली जन्मलेला, कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले. त्याची अडचण बघा: त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर स्थिर राहायचा नाही. तारा बदलाव्या तर मधेच बॅटरीच उतरायची. म्हणून त्याने दोन वेगळ्या धातूंचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. त्यातून अगदी बारीक पण स्थिर वीज मिळाली. मग तारेची लांबी बदलत तो करंट मोजत गेला. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. सुरुवातीला त्याच्याच देशात त्याचं फारसं स्वागत झालं नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं.

आणि करंटच्या वर्गाचा तो नियम शोधला मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याच्या मुलाने, १८४० च्या सुमारास. जेम्स जूल. त्याने तार पाण्यात बुडवून पाणी किती तापतं ते मोजलं. म्हणजे बघा, एका अर्थाने तोही केटलच लावून बसला होता!

चार्जर ९ व्होल्टवर का जातो?

वर्गाची ही भानगड कळली की आजूबाजूच्या खूप गोष्टी उलगडतात. तुमचा चार्जरच घ्या. फोनला १८ वॅट द्यायचेत. ५ व्होल्टवर द्यायचे तर १८ भागिले ५, म्हणजे ३.६ अँपिअर लागतील. समजा चार्जिंग केबलचा रोध ०.२ ओहम आहे. ३.६ गुणिले ३.६ गुणिले ०.२, म्हणजे २.६ वॅट केबलमध्येच वाया, आणि केबल गरम. तेच १८ वॅट ९ व्होल्टवर दिले तर करंट फक्त २ अँपिअर. २ गुणिले २ गुणिले ०.२, म्हणजे ०.८ वॅट. नासाडी एक तृतीयांशावर आली! म्हणून फास्ट चार्जर आधी फोनशी बोलून व्होल्टेज वाढवून घेतो.

हीच युक्ती राज्याच्या पातळीवर चालते. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक डीसी लाइन आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट. तिच्या एका बाजूला अधिक ५ लाख व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला उणे ५ लाख, म्हणजे दोन्हींमध्ये १० लाख व्होल्टचा फरक. भागाकार करा: १५० कोटी वॅट भागिले १० लाख व्होल्ट, म्हणजे १५०० अँपिअर. एवढी वीज २३० व्होल्टवर आणायची ठरवली असती तर ६५ लाख अँपिअर लागले असते! तेवढा करंट पेलणारी तार विदर्भातून कोकणापर्यंत ओढायची कल्पना करून बघा.

पण आपल्या खोलीत ही सोय नाही. चार्जर व्होल्टेज वाढवू शकतो, महापारेषण वाढवू शकतं, तुमचं सॉकेट नाही वाढवू शकत. तिथे २३० म्हणजे २३०. जास्त वॅट हवे असतील तर जास्त अँपिअर घ्यावेच लागतात, आणि वर्गाचा मार पिन आणि पट्टीला खावा लागतो.

गावी केटल हळू का उकळते?

सुट्टीला गावी गेलात की कधी कधी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलेलं असतं. मग केटल किती वॅटची उरते? इथे कॉइलचा रोध तोच, ३५ ओहम. करंट १८० भागिले ३५, म्हणजे ५.१ अँपिअर. पॉवर १८० गुणिले ५.१, म्हणजे सुमारे ९२० वॅट. व्होल्टेज जेमतेम बावीस टक्के उतरलं आणि पॉवर जवळपास चाळीस टक्के गेली. कारण इथेही वर्ग आहे, या वेळी व्होल्टेजचा. शहरात एक लिटर पाणी साडेतीन मिनिटांत उकळत असेल, तर तिथे पावणेसहा मिनिटं लागतात. मात्र बिल वाचत नाही, कारण कमी वॅट पण जास्त वेळ.

दोन ठिकाणी सांभाळा

हा हिशोब कॉइलने तापणाऱ्या वस्तूंना छान लागू पडतो: केटल, इस्त्री, गीझर, पाणी तापवायचा रॉड. पण दोन अपवाद सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये पकडेल.

एक, जुना पिवळा बल्ब. ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध येतो सुमारे ८८० ओहम. पण तोच बल्ब विझवून, होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजलात तर साठ-सत्तर ओहमच्या आसपास दिसतो. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार पांढरी होईपर्यंत तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. म्हणून रोध काढायचा तर वस्तू चालू असतानाचे व्होल्टेज आणि करंट घ्या.

दोन, पंखा, मिक्सर, फ्रिज. यांच्यात मोटर असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते आणि मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या जरा मागून चालतो. त्यामुळे नुसता गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा थोडा जास्त येतो. सॉकेटला झेपेल का, हे बघायला मात्र खरा अँपिअरचा आकडाच धरा. तार तापते ती अँपिअरने.

आता सदाशिव पेठेतल्या तिघांचं उत्तर

केटल १५०० वॅट, इस्त्री १०००, लॅपटॉपचा चार्जर ६५. बेरीज २५६५ वॅट. भागिले २३०, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. बोर्ड ६ अँपिअरचा. म्हणजे पेलवतं त्याच्या जवळपास दुप्पट.

आमच्या प्रयोगात एकटी केटल होती, ६.३ अँपिअर. तुमच्याकडे ११. करंट पावणेदोन पट. वर्ग करा: बोर्डाच्या वायरमधली आणि भिंतीत घातलेल्या त्याच्या प्लगमधली उष्णता तिपटीहून जास्त. कारण तिन्ही वस्तूंचा करंट त्या एकाच प्लगमधून जातो. बोर्डावर चार सॉकेट दिलेत म्हणजे चार वस्तू चालतात असं नाही. चार सॉकेट म्हणजे चार दारं, पण गल्ली एकच.

तर हो, काळजी करायची. आणि आजच काही गोष्टी करायच्या.

केटल आणि इस्त्री एका वेळी कधीच नाही. एकाचा चहा होईपर्यंत दुसऱ्याने शर्ट बाजूला ठेवावा. खरं तर ६ अँपिअरच्या पॉइंटची हद्द ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट. तुमची १५०० वॅटची केटल एकटीच ती ओलांडते. इस्त्री, लॅपटॉप आणि मोबाइल चालतील. केटलची जागा १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर. त्याची हद्द ३६८० वॅट.

१६ अँपिअरचा जाड प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर मिळतो, तो या कामासाठी वापरू नका. तो पिनेची जाडी बदलतो, करंट कमी करत नाही.

प्लग घातल्यावर तो स्वतःच्या वजनाने लोंबत असेल, सॉकेट तपकिरी पडलं असेल किंवा आतून चर्रर्र आवाज येत असेल, तर तो बोर्ड फेकून द्या. चिकटपट्टी लावून वापरायचा नाही. वायरचं वेटोळं करून गादीखाली सरकवायचं नाही, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाट लागते. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड नको, प्रत्येक जोड म्हणजे आणखी एक ढिली जागा.

घरमालकांशी बोलायचं असेल तर "काका, बोर्ड गरम होतो" एवढंच म्हणू नका. ते म्हणतील, "मग कमी वापरा." आकडा सांगा. "काका, ६ अँपिअरच्या पॉइंटवरून ११ अँपिअर जातायत. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्याल का, जाड वायरसकट? तोपर्यंत आम्ही एका वेळी एकच वस्तू लावतो." आकडा समोर आला की बोलणं तक्रारीवरून कामावर येतं, हा माझा अनुभव आहे.

आणि एक विनंती. मोजण्याच्या उत्साहात मल्टिमीटरच्या सुया चालू सॉकेटमध्ये खुपसू नका. प्लगमध्ये लावायचा मीटर वापरा, तोही त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या आत. बोर्ड उघडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

या आठवड्याचा गृहपाठ

रूममधल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाचा फोटो काढा. वॅट लिहिले असतील तर २३० ने भागा, अँपिअर लिहिले असतील तर २३० ने गुणा. कागदावर यादी करा: वस्तू, वॅट, अँपिअर. मग ज्या बोर्डावर त्या लावता त्याचा आकडा शोधा आणि सकाळच्या घाईत एकदम चालणाऱ्या वस्तूंची बेरीज त्याच्याशी ताडून बघा. ती यादी बोर्डाच्या वरच भिंतीवर चिकटवा, म्हणजे नवीन रूममेट आला तर त्यालाही दिसेल.

यादीत काही विचित्र आकडा सापडला तर मला फोटो पाठवा. गीझर आणि रॉडबद्दलचे प्रश्न बरेच साचलेत, पुढच्या एपिसोडमध्ये ते घेऊ: शॉक बसतो म्हणजे नक्की किती करंट लागतो, आणि तिसरी पिन कशासाठी असते. तोपर्यंत बोर्डाला हात लावून बघा, गरम लागला तर आधी बटण बंद करा, बाकीचा हिशोब नंतर.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!